खेळाडूच्या अंगावरची जागा कोणाची? प्रायोजकांवरून होणाऱ्या भांडणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही प्रश्न टीव्हीवर सामना बघताना पडतात, काही घरातल्या पोरीसमोर पहिलं कॉन्ट्रॅक्ट येऊन पडलं की पडतात. इथे दोन्ही आहेत. क्रिकेटला जागा जास्त मिळाली आहे, कारण आपल्याकडे पैसा आणि भांडण दोन्ही तिथेच जास्त.

शुभमन गिलच्या छातीवर अपोलो टायर्स आणि बॅटवर एमआरएफ. एका म्यानात दोन तलवारी राहतात कशा?

कारण म्यान एक नाहीच. छाती मंडळाची, म्हणजे बीसीसीआयची, आहे आणि बॅट त्याची स्वतःची.

गिलनं एमआरएफशी बॅटच्या स्टिकरचा करार केला मार्च २०२५ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा आला, ड्रीम११ला संघाच्या जर्सीवरून उतरावं लागलं आणि सप्टेंबरमध्ये ती जागा अपोलोनं घेतली. त्यामुळे टायर विकणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकाच फलंदाजावर एकाच वेळी दिसू लागल्या. जर्सी विकताना मंडळाला गिलची परवानगी लागली नाही, आणि बॅटवर काय चिकटवायचं हे ठरवताना त्याला मंडळाच्या प्रायोजकाकडे बघावं लागलं नाही.

क्रिकेटपटूच्या अंगाचा नकाशा साधारण असा असतो: जर्सीची छाती आणि बाही मंडळाची, कपडे बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह मंडळाच्या करारातलं, बॅट, ग्लोव्हज आणि पॅड खेळाडूचे. बूटही बहुतेक वेळा खेळाडूचेच. संघाच्या अंगावर नायकी होतं तेव्हा सचिनच्या पायात आदिदास होतं, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आयसीसीची स्पर्धा आली की नकाशा पुन्हा बदलतो. छातीवर देशाचं नाव येतं आणि संघाचा प्रायोजक बाहीवर सरकतो.

मग भांडण कशाचं? वाटणी तर झालेली दिसते.

वाटणी झाली आहे ती कापडाची. भांडण होतं चेहऱ्याचं, नावाचं आणि दिवसांचं. मैदानाबाहेर, घरी, सुट्टीत केलेल्या जाहिरातीही अमुक दिवस दिसता कामा नयेत असं संघटना म्हणू लागली, की ठिणगी पडते. शिवाय संघटनेनं आपल्या प्रायोजकाला 'या प्रकारच्या वस्तूत दुसरं कोणी नाही' असं वचन दिलेलं असतं. ते वचन पाळायचं मात्र खेळाडूला, ज्याला ते देताना कोणी विचारलेलं नसतं.

संघटनेला हा अधिकार येतो कुठून?

सहीतून. स्पर्धेचा प्रवेश अर्ज, सहभागाच्या अटी, केंद्रीय करार, आचारसंहिता, यांपैकी कशावर तरी खेळाडूनं सही केलेली असते. कागदावर तो राजीखुशीचा करार असतो.

पण देशाकडून खेळायचा दरवाजा एकच आणि किल्ली एकाच संघटनेकडे. कंपनीशी करार पटला नाही तर दुसरी कंपनी शोधता येते. महासंघाशी पटलं नाही तर दुसरा महासंघ नसतो. अडला हरी सही करतो. या पानावरच्या जवळजवळ प्रत्येक भांडणात वकिलांनी शेवटी वाद घातला तो याच मुद्द्यावर: ही सही खरोखर मोकळी होती का?

जुन्या काळी सहीचीही गरज नव्हती. ऑस्ट्रियाचा स्कीपटू कार्ल श्रान्झ याला १९७२च्या साप्पोरो हिवाळी ऑलिंपिकमधून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे (आयओसी) अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांनी घरी पाठवलं. ठपका असा की त्यानं आपलं नाव आणि छबी जाहिरातीसाठी वापरू दिली. व्हिएन्नात त्याच्या स्वागताला रस्ते भरून वाहिले. आज तेच नाव आणि तीच छबी विकून ऑलिंपिक चालतं.

२००२ साली आपले क्रिकेटपटू आणि आयसीसी यांच्यात नेमकं काय झालं होतं?

हे नीट कळायला सहा वर्षं मागे जावं लागतं. १९९६च्या वर्ल्ड कपचं अधिकृत शीतपेय कोकाकोला होतं. पैसे त्यांनी मोजले आणि बोलबाला झाला पेप्सीचा. सचिन, अझर, कांबळी अशा मंडळींना घेऊन पेप्सीनं 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणत अख्खी स्पर्धा गाजवली. अधिकृत प्रायोजकाचे पैसे पाण्यात गेले असं जगभरच्या मार्केटिंगवाल्यांना वाटलं. यालाच ॲम्बुश मार्केटिंग म्हणतात: मांडव दुसऱ्याचा, पंगत आपली. आणि हे ॲम्बुश शक्य झालं ते खेळाडूंच्या चेहऱ्यांमुळे.

आयसीसीनं धडा लक्षात ठेवला. २००० साली तिनं २००७ पर्यंतच्या आपल्या स्पर्धांचे, म्हणजे दोन वर्ल्ड कप धरून, व्यापारी हक्क ग्लोबल क्रिकेट कॉर्पोरेशनला ५५ कोटी डॉलरना विकले. एवढी रक्कम देणारा आपल्या प्रायोजकांना संरक्षण मागणारच. ते संरक्षण करारात लिहिलं गेलं: स्पर्धेच्या आधी, स्पर्धेत आणि नंतर ठरावीक दिवस कोणताही खेळाडू अधिकृत प्रायोजकाच्या स्पर्धक कंपनीची जाहिरात करणार नाही. हा काळ आधी ३० आणि नंतर ३० दिवस असा धरला होता. शिवाय खेळाडूंची छबी वापरण्याची मुभा प्रायोजकांना. मंडळांनी हे मान्य केलं. खेळाडूंना विचारलं का? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसा प्रकार. जी गोष्ट हातात नव्हती तिचा सौदा होऊन गेला होता.

खेळाडूंपुढे कागद आले तेव्हा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. लॉर्ड्सच्या गॅलरीत गांगुलीनं शर्ट काढून फिरवला तोच उन्हाळा. सप्टेंबरमध्ये कोलंबोत चॅम्पियन्स ट्रॉफी होती. आयसीसीचे प्रायोजक होते पेप्सी, हिरो होंडा, एलजी आणि साउथ आफ्रिकन एअरवेज. आता आपल्याकडचं चित्र बघा. सचिन टीव्हीएसच्या मोटारसायकलची जाहिरात करत होता, म्हणजे हिरो होंडाशी टक्कर. सॅमसंगनं भारतीय संघातले अनेक चेहरे घेतले होते, म्हणजे एलजीशी टक्कर. संघाचा प्रायोजक सहारा, आणि सहाराची स्वतःची विमानसेवा. सही केली तर आधी केलेले करार मोडणार, नाही केली तर देशाकडून खेळता येणार नाही. मोठ्या खेळाडूंनी सही नाकारली. दुसऱ्या फळीचा संघ कोलंबोला पाठवायची भाषा झाली. अखेरीस काही अटी सैल करून त्या एका स्पर्धेपुरती तडजोड झाली आणि पहिला संघ गेला. अंतिम सामना सलग दोन दिवस पावसानं धुऊन नेला, भारत आणि श्रीलंका संयुक्त विजेते ठरले.

२००३च्या वर्ल्ड कपआधी हाच खेळ पुन्हा रंगला. यावेळी जगमोहन दालमियांचं मंडळ एका बाजूला आणि आयसीसी दुसऱ्या. दालमिया स्वतः आयसीसीचे माजी अध्यक्ष, तेव्हा पाणी कुठे मुरतं हे त्यांना पक्कं माहीत.

शेवटी जिंकलं कोण?

खेळाडू खेळले. आयसीसीनं वर्ल्ड कपच्या पैशातला भारतीय मंडळाचा हिस्सा अडकवून ठेवला आणि पत्रापत्री पुढे बराच काळ चालली. त्या लढाईतून दोन गोष्टी टिकल्या. निषिद्ध काळ आता बराचसा स्पर्धेपुरता आवळला गेला. आणि खेळाडूंचे एजंट नवा करार करताना 'आयसीसी स्पर्धेत जाहिरात थांबवावी लागली तर तो करारभंग नाही' असं कलम आधीच घालून घेऊ लागले. माझ्या मते खरा शहाणपणा या दुसऱ्या गोष्टीत होता. भांडण मैदानाबाहेर सुटलं, टायपिस्टच्या टेबलावर.

न्यायालयानं यावर काही म्हटलं का?

थेट त्या भांडणावर नाही, पण त्याच वर्ल्ड कपवरून एक मासलेवाईक निकाल आहे. फिलिप्सच्या एका वितरकानं 'दिवाळी मनाओ, वर्ल्ड कप जाओ' अशी योजना काढली: म्युझिक सिस्टिम घ्या, तिकीट जिंका. आयसीसीची व्यापारी कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २००३च्या जानेवारीत न्यायालयानं मनाई द्यायला नकार दिला. निकालातलं एक वाक्य खेळाडूंच्या कामाचं आहे. प्रसिद्धीचा हक्क माणसाला असतो, स्पर्धेला नाही. ज्याला नाव, चेहरा, व्यक्तिमत्त्व आहे त्याचाच तो हक्क. स्पर्धा भरवणाऱ्याला खेळाडूची छबी हवी असेल तर ती खेळाडूकडून घ्यावी लागते, ती मैदानाबरोबर आपोआप येत नाही.

पण क्रिकेटपटूंना आधीच इतके पैसे मिळतात. हा निव्वळ लोभ नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो बहुधा सचिनकडे बघून विचारला जातो. सचिन अपवाद आहे. १९९५ साली मार्क मस्करेन्हस यांच्या वर्ल्डटेलनं त्याच्याशी पाच वर्षांचा सुमारे ३० कोटींचा करार केला, तेव्हा भारतात खेळाडूच्या नावाची अशी किंमत कोणी लावली नव्हती. (त्यावरून निघालेला एक गमतीदार खटला इथे सांगायलाच हवा. मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाला २०११ मध्ये ठरवावं लागलं, की जाहिरातीत काम करणारा सचिन क्रिकेटपटू की नट? न्यायाधिकरणानं नट म्हटलं, कलावंतांना मिळणारी कलम ८०आरआरची सवलत दिली. कॅमेऱ्यासमोर केलेलं काम हे कामच, हे एका सरकारी निकालात असं नोंदलं गेलं.)

आता २०१०चा जानेवारी आठवा. पुण्यात वर्ल्ड कपच्या सराव शिबिरात भारतीय हॉकी संघानं सराव बंद केला. दिल्लीचा वर्ल्ड कप दोन महिन्यांवर, आणि खेळाडूंची तक्रार होती की संघाला प्रायोजक आहे पण आमचं मानधन कुठे आहे? प्रत्येकी २५ हजार रुपये देऊ केले गेले, ते त्यांनी नाकारले. प्रायोजक सहारानं जास्तीचे पैसे मोकळे केले तेव्हा शिबिर पुन्हा सुरू झालं. क्रिकेटमध्ये निदान मंडळाच्या उत्पन्नातला २६ टक्के हिस्सा खेळाडूंचा असं सूत्र तरी आहे. बाकीच्या खेळांत बहुतेकांना ते सूत्र मागायचं कोणाकडे हेच ठाऊक नसतं.

धावपटूचं आयुष्य विशी ते तिशी. एक गुडघा गेला की दुकान बंद. जाहिरातीचे चार पैसे मिळायचे ते पदकाच्या आसपासच्या पंधरा दिवसांत. आणि संघटना नेमक्या त्याच पंधरा दिवसांवर कुलूप लावते.

ऑलिंपिकचा 'रूल ४०' म्हणजे काय?

तेच कुलूप. ऑलिंपिक सनदेतल्या या नियमानुसार स्पर्धकानं आपलं नाव, छायाचित्र किंवा कामगिरी ऑलिंपिकच्या काळात जाहिरातीसाठी वापरू द्यायची नाही, अशी वर्षानुवर्षं स्थिती होती. लंडन २०१२ला हा काळ १८ जुलै ते १५ ऑगस्ट असा धरला होता. उद्घाटनाच्या नऊ दिवस आधीपासून समारोपानंतर तीन दिवसांपर्यंत. ज्या छोट्या कंपनीनं चार वर्षं बूट आणि भाडं दिलं तिचं नाव धावपटूनं त्या महिन्यात घ्यायचं नाही, आणि ऑलिंपिकच्या बड्या प्रायोजकांनी मात्र शहरभर पोस्टर लावायची.

लंडनमध्येच अमेरिकी ॲथलीट उठले. सान्या रिचर्ड्स-रॉस, डॉन हार्पर यांसारख्यांनी ट्विटरवर मोहीम उघडली. २०१६च्या रिओसाठी दार किलकिलं झालं: खेळांचा उल्लेख नसलेली सर्वसाधारण जाहिरात चालेल, पण परवानगी महिनोन्महिने आधी घ्यायची आणि जाहिरात मार्चपासूनच सुरू ठेवायची. म्हणजे पात्रता मिळण्याआधीच. ज्याला आपण जाणार की नाही हे जुलैत कळतं, त्यानं मार्चमध्ये जाहिरात कशी काढायची?

दार खऱ्या अर्थानं उघडलं ते जर्मनीत, आणि ते कोणा खेळाडूनं नव्हे तर स्पर्धा नियामकानं. फेब्रुवारी २०१९ मध्ये जर्मनीच्या बुंडेसकार्टेलआम्ट या संस्थेनं म्हटलं, की आयओसी आणि जर्मन ऑलिंपिक संघटना बाजारात प्रबळ आहेत आणि हे निर्बंध प्रमाणाबाहेर आहेत. सवलत जर्मन खेळाडूंपुरती होती. पण काही महिन्यांतच सनदेतल्या नियमाची भाषाच उलटली. आधी 'वापरू देता येणार नाही' होतं, आता आयओसीच्या तत्त्वांना धरून 'वापरू देता येईल' झालं. तत्त्वं प्रत्येक देशाची ऑलिंपिक संघटना आपापल्या परीनं लावते. अमेरिकी खेळाडूंना टोकियोत प्रायोजकांचे आभार मानणारे सात संदेश टाकायची मुभा होती. सातच का, हे विचारू नका. आभार मोजून मानायची पद्धत आपल्याकडे फक्त लग्नपत्रिकेतल्या 'आपले नम्र'च्या यादीत दिसते.

सही नाकारली तर काय होतं?

निक सिमंड्सला विचारा. हा अमेरिकी ८०० मीटर धावपटू, २०१३चा जागतिक रौप्यविजेता, २०१५चा राष्ट्रीय विजेता. त्याचे बूट ब्रूक्सचे, अमेरिकी ॲथलेटिक्स संघटनेचा करार नायकीशी, तोही २०४० पर्यंतचा. बीजिंगच्या जागतिक स्पर्धेआधी संघटनेनं निवेदन पाठवलं: संघाच्या कार्यक्रमांना संघाचेच कपडे. सिमंड्सचा सवाल होता, 'संघाचा कार्यक्रम' म्हणजे कोणता? स्पर्धा आणि पदक समारंभ मान्य. पण हॉटेलात न्याहारीला जाताना? संध्याकाळी कॉफी प्यायला जाताना? व्याख्या मिळाली नाही, त्यानं सही केली नाही, संघात घेतलं गेलं नाही. देशाचा ८०० मीटरचा विजेता घरी बसला.

त्याआधी २०१२ मध्ये यानंच दंडावरची जागा लिलावात काढली होती. ११,१०० डॉलरला ती गेली आणि एका कंपनीचं नाव तात्पुरतं गोंदलं गेलं. स्पर्धेत त्यावर पट्टी चिकटवावी लागली ती वेगळीच गोष्ट. पुढे आपल्या च्युइंगमच्या कंपनीतर्फे तो संघटनेविरुद्ध मक्तेदारीच्या कायद्याखाली कोर्टात गेला. २०१६ मध्ये हरला आणि २०१८ मध्ये अपिलातही. ऑलिंपिकचा पैसा उभा करण्यासाठी कायद्यानंच त्या संस्थेला खास अधिकार दिले आहेत, तेव्हा मक्तेदारीचा आक्षेप टिकत नाही, असा निकालाचा मथितार्थ.

विनेश फोगटचं प्रकरण याच जातीचं होतं का?

एक भाग, हो. टोकियोनंतर ऑगस्ट २०२१ मध्ये कुस्ती महासंघानं तिला निलंबित केलं तेव्हाच्या आरोपांत एक होता, की भारतीय पथकाच्या प्रायोजकाचा, शिव नरेशचा, सिंगलेट (कुस्तीचा अंगाबरोबरचा पोशाख) न घालता ती नायकीचा घालून लढली. बाकीचे आरोप शिस्तीचे होते. तिनं माफी मागितली आणि प्रकरण मिटलं. २०२३चं जंतरमंतरचं आंदोलन पूर्ण वेगळ्या आणि फार गंभीर कारणाचं, दोन्हींची सरमिसळ करू नये.

टोकियोआधी तर भारतीय ऑलिंपिक संघटनेनं ली-निंग या चिनी कंपनीचा करार सोडला आणि आपलं पथक ब्रँडचं नाव नसलेल्या कपड्यांत गेलं. त्याच वेळी सिंधूचा ली-निंगशी स्वतःचा करार होता. संघटनेचा नकार आणि खेळाडूचा करार एकाच विमानातून टोकियोला गेले.

संघटनांची बाजू म्हणून काही आहेच ना?

आहे, आणि ती चांगल्या तऱ्हेनं मांडली गेली ती नॉर्वेत. स्कीइंगमधल्या स्लालम प्रकाराचा स्टार हेन्रिक क्रिस्टोफरसन याला हेल्मेटवर रेड बुल हवं होतं. स्की संघटना म्हणाली, हेल्मेट संघटनेच्या प्रायोजकाचं. प्रकरण ओस्लोच्या न्यायालयातून ईएफटीए या युरोपीय मुक्त व्यापार गटाच्या न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यानं मत दिलं, की अशी परवानगीची अट हा सेवा देण्याच्या स्वातंत्र्यावर निर्बंध असू शकतो. पण उद्देश योग्य असेल, पैसा मुलांच्या आणि तळच्या खेळाकडे जात असेल, निर्णय मनमानी नसेल आणि खेळाडूला कमाईचा वाजवी वाव उरत असेल, तर तो समर्थनीय ठरू शकतो. पुढे ओस्लोत क्रिस्टोफरसन हरला.

गणित सोपं आहे. वरच्या चार जणांनी आपापल्या हेल्मेटची जागा स्वतः विकली, तर ज्यांचं नाव कोणाला माहीत नाही अशा दोनशे मुलांचे प्रशिक्षक, बर्फ आणि बस कशातून चालणार? नॉर्वेत हा युक्तिवाद पटतो, कारण पैसा कुठे गेला ते दिसतं. आपल्या महासंघांनी तोच युक्तिवाद करायचा तर आधी ताळेबंद लोकांपुढे ठेवायला हवेत. मला या वादात कोणाची बाजू घ्यायची म्हटलं तर मी पहिल्यांदा हिशेबाची वही मागेन.

एखादा ब्रँड तत्त्व म्हणून नको असेल तर?

पैशाचा प्रश्न नसताना वाद सुटायला सोपा जातो. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाला संघाच्या बिअर प्रायोजकाचं चिन्ह न लावायची सवलत मिळाली होती. फुटबॉलपटू एमबापेनं मात्र २०२२ मध्ये फ्रेंच महासंघाच्या प्रायोजकांचं फोटोशूट दोनदा टाळलं. फास्ट फूड आणि सट्ट्याच्या कंपन्यांशी आपला चेहरा जोडला जाणं त्याला नको होतं. कतारचा वर्ल्ड कप तोंडावर होता, महासंघानं प्रतिमा-हक्कांचा करार नव्यानं लिहायचं कबूल केलं. अर्थात एमबापे असणं हीच तिथे निम्मी वकिली होती.

संघ हरला की जाहिरातींवर बंधनं का येतात?

सवय म्हणा. २००७च्या वर्ल्ड कपमध्ये आपण पहिल्याच फेरीत गारद झालो. एप्रिलमध्ये मुंबईत मंडळाची बैठक झाली, शरद पवार अध्यक्ष होते. एका खेळाडूला तीनच ब्रँड आणि एका ब्रँडला दोनच खेळाडू असं ठरलं. गहजब झाला आणि निर्णय बारगळला. २०२५च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या पराभवानंतर दहा कलमी फर्मान निघालं, त्यात दौऱ्यावर असताना खासगी शूटिंग नाही हे एक कलम. तीनच ब्रँडचा नियम असता तर बांगलादेशविरुद्ध किती धावा वाढल्या असत्या, हे मात्र कोणी मांडून दाखवलं नाही.

पदक मिळाल्यावर कंपन्या 'अभिनंदन'च्या पोस्ट टाकतात. त्यात गैर काय?

शेजाऱ्यानं पेढे वाटले तर काही गैर नाही. पण सिमेंटच्या, आइस्क्रीमच्या कंपनीनं खेळाडूचा फोटो आणि आपला लोगो शेजारी ठेवून छापलं की ती फुकटची जाहिरात होते. २०२१ मध्ये सिंधूच्या आणि २०२४ मध्ये मनू भाकरच्या व्यवस्थापकांनी अशा अनेक ब्रँडना नोटिसा धाडल्या. इथे नुकसान दोघांचं: खेळाडूचं, आणि ज्यानं खरे पैसे मोजलेत त्या प्रायोजकाचं. मात्र हा हक्क अमर्याद नाही. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं फँटसी खेळांच्या एका प्रकरणात म्हटलं, की खेळाडूंची नावं आणि आकडेवारी ही सार्वजनिक माहिती आहे, तिच्या वापरावर मक्ता सांगता येत नाही.

भारतात दाद मागायची कुठे?

रस्ते तीन-चार आहेत, सगळेच लांबचे.

स्पर्धा आयोग हा एक. खडकीच्या धनराज पिल्लेंनी इतर खेळाडूंसह हॉकी इंडियाविरुद्ध तिथे दाद मागितली होती. मुद्दा मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळणाऱ्यांवरच्या निर्बंधांचा होता. २०१३च्या निकालात आयोगानं हॉकी इंडियाला व्यावसायिक संस्था मानलं, प्रबळही मानलं, पण निर्बंध कायदाबाह्य ठरवले नाहीत. खेळाचे नियम करणारा आणि खेळातून पैसे मिळवणारा एकच असणं धोक्याचं आहे, ही चिंता मात्र नोंदवली. २०१८ मध्ये बुद्धिबळ महासंघाला याच धाटणीच्या प्रकरणात ६.९२ लाखांचा दंड झाला.

उच्च न्यायालय हा दुसरा. बीसीसीआय 'सरकार' नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये म्हटलं असलं, तरी ती सार्वजनिक काम करते म्हणून तिच्याविरुद्ध रिट करता येते. त्याआधी १९८९ मध्ये वेंगसरकर, कपिल, शास्त्री यांच्यासह सहा जणांवर मंडळानं वर्षाची बंदी घातली होती, गुन्हा एवढाच की वेस्ट इंडिजहून येताना अमेरिकेत प्रदर्शनी सामने खेळले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचल्यावर मंडळानं बंदी उठवली.

आणि २०२५चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा. त्यात राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे, त्याच्यावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात, आणि प्रत्येक महासंघात खेळाडूंची समिती सक्तीची. कागद चांगला आहे.

माझी मुलगी राज्य पातळीवर खेळते. एक कंपनी प्रायोजक व्हायला तयार आहे. करारात काय बघू?

आधी संघटनेची नियमावली मागा, मग कंपनीचा करार वाचा. बहुतेक जण उलट करतात.

मुलगी १८च्या आतली असेल तर तिनं स्वतः केलेला करार कायद्यानं निरर्थक असतो, सही पालकांनी करायची. आणि बाईंनी म्हणजे प्रशिक्षकांनी 'मी बघते' म्हटलं तरी वाचायचं स्वतः.

'सर्व क्रीडा साहित्य' असा शब्द दिसला तर थांबा. रॅकेट म्हणजे रॅकेट, बूट म्हणजे बूट असं वेगवेगळं लिहून घ्या. उद्या राष्ट्रीय संघात गेली तर कपडे महासंघाचे असतील, तेव्हा 'संघाकडून खेळताना संघाचे कपडे घातल्यास करारभंग नाही' हे वाक्य हवंच.  स्पर्धेच्या काळात जाहिरात थांबवावी लागली तर तोही करारभंग नाही, आणि त्याचे पैसे कापले जाणार का, तेही लिहून घ्या. २००२चा सगळा गोंधळ असल्या वाक्याअभावी झाला.

करार संपल्यावर तिचे फोटो किती दिवस वापरणार? 'कायमस्वरूपी' असेल तर खोडा. मुदत संपताना दुसरी कंपनी जो देकार देईल तो आधी यांना दाखवायचा आणि यांनी तेवढेच पैसे दिले तर यांच्याकडेच राहायचं, असं एक कलम असतं. वरवर साधं दिसतं, पण त्यापायी दुसरी कंपनी बोलीच लावत नाही. माझ्या ओळखीतल्या एका बॅडमिंटनपटूच्या वडिलांनी ते वाचलं नव्हतं, पोरगी तीन वर्षं त्याच आकड्यावर अडकली.

दुखापत झाली तर पैसे थांबतात का, महिन्याला किती पोस्ट टाकायच्या, एजंटचा टक्का फक्त त्यानं आणलेल्या करारावर की सगळ्यांवर, हे तोंडी ठरवू नका. वस्तू फुकट मिळाल्या तरी कराचा प्रश्न येऊ शकतो, सीएला एकदा विचारून ठेवा.

रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी असलेल्या खेळाडूला जाहिरात करता येते?

कार्यालयाची लेखी परवानगी आधी. साहेब तोंडी 'कर की' म्हणाले तरी अर्जावर शिक्का घ्या.

आणि नको असलेला लोगो गुपचूप झाकला तर?

त्याचीही परंपरा आहे. १९७४च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सची जर्सी आदिदासची, तीन पट्ट्यांची. क्रायफ प्यूमाचा माणूस. त्याच्या जर्सीवर दोनच पट्ट्या होत्या, एक उसवून टाकल्यासारखी. १९९२ला बार्सिलोनात बास्केटबॉलचं सुवर्ण घ्यायला अमेरिकी संघ उभा राहिला तो रिबॉकच्या सूटमध्ये. मायकेल जॉर्डन नायकीचा. त्यानं खांद्यावरून अमेरिकेचा झेंडा असा पांघरला, की रिबॉकचं चिन्ह बरोबर त्याखाली गेलं. झेंडा बाजूला कर, असं त्याला कोण सांगणार होतं?